रिलेत सापडलेला किडा

पडद्यावरचं हे पान नीट बघा. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अमेरिकन इतिहास संग्रहालयात जपलेल्या एका नोंदवहीतलं हे पान आहे. तारीख ९ सप्टेंबर, साल १९४७. आणि चिकटपट्टीखाली आहे तो खराखुरा पतंग, दिव्यावर झेपावणारा.

हार्वर्ड विद्यापीठात तेव्हा मार्क टू या गणकयंत्राच्या चाचण्या चालू होत्या. दुपारी पावणेचारला एफ पॅनलच्या ७० नंबरच्या रिलेत हा पतंग मिळाला. रिले म्हणजे विजेच्या जोरावर उघडझाप करणारा स्विच. मध्ये किडा आला की तो नीट मिटत नाही आणि आकडेमोड बिघडते. पतंग काढून वहीत चिकटवला गेला आणि खाली नोंद झाली: बग प्रत्यक्ष सापडल्याची ही पहिलीच वेळ!

या पतंगावरूनच बिघाडाला ‘बग’ म्हणू लागले, असं सर्रास सांगतात. ते खरं नाही. बग म्हणजे किडा, आणि यंत्रातल्या दोषालाही बग म्हणायची रीत आधीपासून होती, म्हणून तर खरा किडा हाती लागल्यावर सगळ्यांना मजा वाटली. थॉमस एडिसनच्या १८७८ मधल्या पत्रातही, नव्या शोधात निघणाऱ्या बारीकसारीक दोषांना बग म्हणतात, असं लिहिलेलं आहे. पतंगाचा किस्सा सर्वदूर गेला तो मार्क टूवर काम केलेल्या ग्रेस हॉपर यांच्यामुळे.

बिघाडासाठीच्या इंग्रजी शब्दांत मला मात्र जास्त भावतो तो ‘हेवायर’. गवताचे गठ्ठे बांधायची ही तार. लाकूडतोडीच्या तळावर जनावरांसाठी गवत यायचं, ते संपलं की तार उरायची. साखळी तुटली, दांडा निखळला, की तीच तार करकचून गुंडाळायची आणि काम रेटायचं. सगळी अवजारं अशी तारेवर तगलेली असली, की त्या तळाला ‘हेवायर आउटफिट’ म्हणत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं हे बोलणं. बिघाड ज्यांच्या अंगावर यायचा, त्यांनीच रुळवलेलं. पुढे कुठलंही यंत्र भलतंसलतं वागू लागलं, की ते ‘गॉन हेवायर’.

‘ग्लिच’ रेडिओ आणि टीव्हीच्या तंत्रज्ञांच्या तोंडी होता. २० फेब्रुवारी १९६२ ला अमेरिकन अंतराळवीर जॉन ग्लेन यांनी पृथ्वीला प्रदक्षिणा घातली आणि त्याच वर्षी त्यांनी सामान्य वाचकांना हा शब्द समजावून दिला: सर्किटवर अचानक नवा भार पडला, की व्होल्टेजमध्ये जी उसळी येते, ती ग्लिच. आता व्होल्टेजचा काही संबंध नसला, नुसतं मोबाइलचं ॲप अडकलं, तरी अमेरिकन माणूस ग्लिचच म्हणतो.