घरातला मृत्यू आणि आपली कॉपी

आपल्या पत्रकारितेच्या पेशात एक मजकूर असा आहे की त्याला डेस्कवर कोणी हात लावत नाही. सहकाऱ्याने स्वतःच्या आईवर, वडिलांवर किंवा भावावर लिहिलेला लेख. उपसंपादक तो वाचतो, डोळे पुसतो आणि जसाच्या तसा पानावर लावतो. एरवी साध्या अपघाताच्या बातमीतही जखमींचा आकडा पोलीस आणि रुग्णालय अशा दोन्हीकडून घ्यायला लावणारा मुख्य उपसंपादक इथे एक प्रश्न विचारत नाही. विचारणार कसा? परिणाम असा होतो, की रविवारच्या पुरवणीत सगळ्यात जास्त ढोबळ चुका याच लेखात सापडतात. कोणी दाखवूनही देत नाही, कारण ते वाईट दिसतं. म्हणून ही कॉपी, म्हणजे छापायला द्यायचा मजकूर, आपली आपण तपासायची असते. कशी, एवढंच आज बोलणार आहे.

सुरुवात मृत्यूच्या कारणापासून करू. निधन वार्तांमध्ये आपण वर्षानुवर्षं तीन साचे वापरतो: ‘अल्पशा आजाराने’, ‘दीर्घ आजाराने’ आणि ‘हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने’. पहिले दोन निदान खोटं तरी बोलत नाहीत. तिसरा बऱ्याचदा बोलतो. हृदयविकाराचा झटका म्हणजे हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा अडणं. हृदय बंद पडणं ही वेगळी गोष्ट, आणि ती प्रत्येक मरणात होतेच. डॉक्टर बाहेर येऊन ‘हार्ट बंद पडलं’ म्हणतात, आपण ‘झटका आला’ लिहितो, आणि न्यूमोनियाने गेलेला माणूस छापील मजकुरात हृदयरोगी होतो.

डॉक्टर मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र देतात. रुग्णालयातल्या मृत्यूसाठी नमुना ४, घरी झालेल्या मृत्यूसाठी नमुना ४ अ. त्यात कारणं उतरंडीसारखी लिहिलेली असतात. वरच्या ओळीत मृत्यूच्या लगेच आधी काय झालं ते, खालच्या ओळीत ते कशामुळे झालं, आणि सगळ्यात खाली मूळ कारण. समजा वर ‘सेप्टिक शॉक’ (संसर्गामुळे रक्तदाब कोसळणं), मध्ये ‘न्यूमोनिया’ आणि खाली ‘पक्षाघात’ असं आहे. लेखाची गोष्ट खालच्या ओळीपासून सुरू होते: माणूस पक्षाघाताने अंथरुणाला खिळला, गिळणं बिघडलं, फुप्फुसात संसर्ग झाला आणि तो रक्तात पसरला. वरची ओळ उचलली की लेख शेवटच्या चार दिवसांचा होतो आणि आधीची दोन वर्षं हरवतात.

इथे एक गफलत हमखास होते. पालिकेतून किंवा ग्रामपंचायतीतून मिळणाऱ्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण नसतं. जन्ममृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यानेच तशी मनाई आहे. कारण हवं असेल तर डॉक्टरांच्या प्रमाणपत्राची प्रत लागते. या कायद्यातली दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली, तेव्हापासून रुग्णालयाने ही प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची आहे. उपचारांची बाकी कागदपत्रं मागायची तर वैद्यकीय परिषदेचे २००२ चे नियम आहेत: मागणी आल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे, आणि नोंदी जपायच्या त्या उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. वर्षश्राद्धानंतर बघू म्हणणारे तीन-तीन श्राद्धं घालतात आणि मग कागद मिळत नाहीत.

घटनाक्रम जुळवायला सगळ्यात उत्तम कागद कुठला, असं विचाराल तर मी रुग्णालयाचं तपशीलवार बिल सांगेन. नातेवाईक ते रागाने फेकून देतात. पण अतिदक्षता विभागात कधी हलवलं, व्हेंटिलेटर किती दिवस लावला, कुठल्या तारखेला डायलिसिस झालं, रक्ताच्या किती पिशव्या आणल्या, हे सगळं त्यात दिवसवार असतं. त्याच्या जोडीला फोनमधली कॉलची यादी आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे निरोप. ‘बाबांना ॲडमिट केलंय’ हा निरोप किती वाजता गेला ते तिथे मिनिटासह असतं. नवा फोन घ्यायच्या आधी ही संभाषणं बाहेर काढून ठेवा. मृत्यूची वेळ मात्र जपून लिहा. कागदावर असते ती डॉक्टरांनी मृत घोषित केल्याची वेळ. घरी पहाटे तीनला श्वास थांबलेल्या माणसाच्या कागदावर सव्वापाच असू शकतात, आणि दोन्ही वेळा आपापल्या जागी बरोबर आहेत. लेखात कुठली घेतली ते कळू द्या.

तारखेचंही तसंच. मंगळवारी रात्री झोपलेला माणूस अडीच वाजता गेला, तर दाखल्यावर बुधवार येतो. घरात मात्र सगळे मंगळवारच म्हणणार, कारण पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो. पुढे श्राद्ध तिथीने, लेख तारखेने, आणि तारीख चुकली म्हणून धाकटी आत्या फोन करणार.

वयात तर बहुतेक जण घसरतात. मार्च १९५२ चा जन्म आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये मृत्यू, म्हणजे ७१ पूर्ण. ‘वयाच्या ७२ व्या वर्षी’ बरोबर, ‘७२ वर्षांचे होते’ चूक. आणि मुळात ती जन्मतारीख खरी आहे का? आपल्याकडे एका पिढीतले निम्मे लोक १ जूनला जन्मले की काय असं वाटतं. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीची तारीख टाकलेली. घरातली म्हातारी माणसं वेगळ्या कॅलेंडरने मोजतात: पानशेत फुटलं तेव्हा मी पाळण्यात होते, कोयनेचा भूकंप झाला त्या साली लग्न. पानशेत १२ जुलै १९६१, कोयना ११ डिसेंबर १९६७. एवढ्या दोन तारखांवर वयातला चार-पाच वर्षांचा घोळ सुटतो.

आता शेवटचे शब्द. हे लेखाचं सगळ्यात लाडकं वळण आणि सगळ्यात कच्चंही. व्हेंटिलेटरची नळी तोंडातून स्वरतंतूंच्या मधून श्वासनलिकेत जाते. ती असताना आवाज फुटूच शकत नाही. तरीही ‘व्हेंटिलेटरवर असताना आई म्हणाली’ अशी वाक्यं छापली जातात. दर वेळी लिहिणारा खोटं बोलत असतो असं नाही. चेहऱ्यावर घट्ट बसणाऱ्या बायपॅपच्या, म्हणजे हवेच्या दाबाने श्वासाला मदत करणाऱ्या यंत्राच्या, मास्कलाही घरचे व्हेंटिलेटरच म्हणतात, आणि त्यातून दोन शब्द बोलता येतात. मग मास्क लिहा. तसंच ‘कोमा’. नळी सोसावी म्हणून औषध देऊन झोपवलेल्या रुग्णाला नातेवाईक कोमात गेला म्हणतात. आणि ‘व्हेंटिलेटर काढला’ हे दोन शब्द लिहिण्याआधी कोणी, कोणाच्या संमतीने, आधी काढला की मृत्यूनंतर, हे कागदावर बघा. उपचार थांबवण्याला सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने आणि २०२३ मध्ये सोप्या केलेल्या प्रक्रियेने चौकट घातली आहे. तुमचं एक सैल वाक्य डॉक्टरला किंवा सख्ख्या भावाला आरोपी करतं.

वहीत तीन रकाने आखा. मी पाहिलं, मला सांगितलं, कागद म्हणतो. पहिल्या दोन दिवसांत फक्त टिपणं करा, लेख नको. खोलीत कोण होतं, खिडकी उघडी होती का, औषधांच्या पट्ट्यांवरची नावं. लिहायला बसाल तेव्हा दिसेल, की ‘मी पाहिलं’ या रकान्यात फारच थोडं आहे. ज्या क्षणाचं तुम्ही इतकं बारीक वर्णन करणार होतात, त्या वेळी तुम्ही खाली औषधाच्या दुकानात रांगेत होतात. तर मग रांग लिहा. आठशे-हजार शब्दांत तेवढी जागा असते, फक्त ‘प्राणज्योत मालवली’ आणि ‘न भरून येणारी पोकळी’ काढावी लागते.

घरातली आत्महत्या असेल तर लेखक नातेवाईक आहे म्हणून नियम सैल होत नाहीत. प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये स्वीकारलेली मार्गदर्शक तत्त्वं सांगतात: पद्धत लिहू नका, जागेचा तपशील देऊ नका, मथळा भडक नको, फोटो नकोत. एकच कारण देऊन मोकळंही होऊ नका. शेवटी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक छापा.

मेलेल्या माणसाची बदनामी होत नाही, हा समजही सोडा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये मृत व्यक्तीवरचा आरोपही येतो. जिवंतपणी त्या आरोपाने तिच्या लौकिकाला धक्का बसला असता आणि नातेवाइकांच्या भावना दुखावण्याचा हेतू असला, तर. कायद्यापलीकडचा भागही आहे. वडिलांचा आजार आनुवंशिक होता असं लिहिताना तुम्ही जिवंत बहिणीचाही आजार छापत असता, आणि तिच्या मुलीसाठी कदाचित स्थळं बघणं चालू असतं.

म्हणून प्रूफ, म्हणजे छापण्याआधीची प्रत, घरी दाखवायचं. सगळ्यांना नको, सतरा मतं येतील. ज्यांची नावं किंवा संवाद आहेत त्यांना, आणि ज्याने शेवटी सेवा केली त्याला आधी. ती बहुधा वहिनी असते, आणि लेखात तिचं नाव बहुधा नसतं. तिच्यासमोर बसून मोठ्याने वाचा, हातात पेन ठेवा. ती तारखा दुरुस्त करेल, औषधाची वेळ दुरुस्त करेल, आणि एखाद्या वाक्यावर नुसती गप्प बसेल. त्या वाक्याखाली रेघ मारा आणि पुढचं वाचायच्या आधी तिला विचारा.