आधी पॅनेल बघा

या टेबलावर एक टीव्ही पालथा ठेवला आहे आणि त्याचं मागचं झाकण काढलं आहे. मागे बसलेल्यांना नीट दिसणार नाही, म्हणून सांगतो. आत फार काही नाही. एक मोठा पत्रा आहे. त्याच्या एका बाजूला पॉवर सप्लायचा बोर्ड, दुसऱ्या बाजूला मेन बोर्ड आणि कडेला बोटभर रुंदीची पट्टी आहे, तिला टी-कॉन म्हणतात. मेन बोर्डाकडून आलेलं चित्र काचेला समजेल अशा भाषेत पोचवणं हे तिचं काम. पत्र्याच्या पलीकडे उजेड देणाऱ्या एलईडीच्या पट्ट्या, म्हणजे बॅकलाइट. आणि सगळ्यांत पुढे ती काच, पॅनेल.

‘टीव्ही जुना झालाय’ असं आपण म्हणतो तेव्हा सबंध खोकंच म्हातारं झालं असं आपल्या मनात असतं. पण या खोक्यात पाच जण एकत्र राहतात आणि प्रत्येकाचं वय वेगळं असतं. म्हणून टीव्ही दुरुस्तीला आला की ‘किती वर्षं झाली?’ हे मी नंतर विचारतो. आधी बघतो, यांतलं नेमकं कोण गेलंय. इतकी वर्षं हे काम केल्यावर माझं मत पक्कं झालं आहे: पॅनेल चांगलं असेल तर दुरुस्तीचा विचार करायचाच, आणि पॅनेल गेलं असेल तर बहुतेक वेळा त्या टीव्हीला निरोप द्यायचा. कारण एकट्या पॅनेलचा खर्च जवळजवळ नव्या टीव्हीच्या घरात जातो.

पॅनेल गेलं हे ओळखायचं कसं? तडा गेला असेल तर सांगावं लागत नाही, आत शाई सांडल्यासारखं दिसतं. उभ्या रेघा मात्र फसवतात. काचेच्या कडेला पातळ फिल्मच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात आणि त्यांतून चित्र काचेत जातं. ती चिकटण सुटू लागली की रेघ उमटते. चौकटीवर बोटाने दाबलं की कधीकधी रेघ नाहीशी होते, आणि माणसाला वाटतं किरकोळ आहे. ते किरकोळ नसतं. ती चिकटवायला खास यंत्र लागतं, आणि तरीही काम टिकेल याची खात्री देता येत नाही. पण रेघ दिसली म्हणून लगेच पॅनेलला दोष देऊ नका. टीव्हीचा स्वतःचा मेनू उघडा. मेनूवर रेघ नसेल तर दोष बाहेरच्या डब्यात किंवा केबलमध्ये आहे. मेनूवरही असेल तर आधी टी-कॉन तपासून घ्यायला सांगा. तो बदलणं पॅनेलच्या मानाने फारच सोपं काम आहे.

आता एक अनुभव सांगतो. निवृत्त शिक्षक होते. आवाज व्यवस्थित, पडदा काळा. दुसरीकडे त्यांना सांगितलं होतं की पॅनेल गेलं, नवा घ्या. घरात आजारी पत्नी, दिवसभराची सोबत तेवढीच, म्हणून ते शेवटचं विचारायला आले होते. मी दिवा बंद केला, टीव्ही लावला आणि टॉर्च पडद्याजवळ तिरका धरला. त्या उजेडाच्या वर्तुळात फिकट, पण स्पष्ट, बातम्या सांगणारी बाई हलताना दिसली. सर म्हणाले, “अहो, आहे की चित्र!” चित्र होतंच, त्याच्यामागचा उजेड गेला होता. एलईडी एकापाठोपाठ एक अशा एकाच माळेत जोडलेल्या असतात. त्यांतली एक जळून जोडणी तुटली की सगळी माळ विझते. दोन-चार चण्याएवढ्या दिव्यांपायी सबंध टीव्ही भंगारात निघाला होता.

ही दुरुस्ती करून घेताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. जळालेला एकच दिवा बदलून घेऊ नका, सगळ्या पट्ट्या बदला. बाकीचे दिवेही तेवढेच तास तापलेले असतात, ते मागोमाग जातात. आणि पट्ट्यांपर्यंत पोचायला पुढचं पॅनेल उचलून बाजूला ठेवावं लागतं. त्यातली काच मिलिमीटरभरही जाड नसते, उचलताना कोपरा जरा दबला की खेळ संपला. ही जोखीम आधी बोलून दाखवणारा माणूस निवडा. पडद्यावर जागोजागी पांढरे गोल ठिपके दिसत असतील तर तेही पॅनेलचं दुखणं नव्हे. प्रत्येक एलईडीवर उजेड पसरवणारं छोटं भिंग चिकटवलेलं असतं, ते गळून पडलेलं असतं. दुरुस्तीनंतर सेटिंगमध्ये जाऊन बॅकलाइट कमी करा. पट्ट्यांतून जाणारा प्रवाह कमी झाला की त्या कमी तापतात आणि जास्त टिकतात.

टीव्ही लागायला वेळ घेतो, टक् टक् आवाज करून परत बंद होतो, लाल दिवा लुकलुकतो, असं असेल तर पॉवर सप्लायकडे बघायचं. (ते लुकलुकणं मोजून ठेवा. पुष्कळ मॉडेलांत किती वेळा दिवा लागतो यावरून बिघाड कळतो.) हा कपॅसिटर बघा, म्हणजे वीज साठवून ठेवणारा छोटा डबा, माथा फुगलाय. चांगल्याचा माथा सपाट असतो. याच्यावर छापलंय: 105 अंश सेल्सिअस, आणि कंपनीच्या माहितीपत्रकात या प्रकाराचं आयुष्य त्या तापमानाला 2000 तास दिलेलं आहे. ऐकायला फारच कमी वाटतं. पण ढोबळ नियम असा की तापमान 10 अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट होतं. 75 अंशांना 16,000 तास, 65 अंशांना 32,000. रोज सहा तास टीव्ही चालला तर पहिल्या हिशेबाने सात वर्षं, दुसऱ्याने साडेचौदा. केवळ 10 अंशांचा फरक! म्हणून कोंदट कपाटात, मागून हवा न खेळणाऱ्या जागी टीव्ही बसवू नका, असं मी कळवळून सांगतो. दुरुस्ती म्हणाल तर हा भाग काढून नवा सोल्डर करायचा. घरी मात्र हात घालू नका. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे-चारशे व्होल्ट राहू शकतात. जुन्या पिक्चर ट्यूबच्या रंगीत टीव्हीत तर पंचवीस हजारांच्या आसपास.

युरोपीय संघाने मार्च 2021 पासून एक नियम लागू केला. मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यापासून किमान 7 वर्षं ठरावीक सुटे भाग दुरुस्ती करणाऱ्यांना मिळाले पाहिजेत. त्या यादीत पॉवर सप्लाय आहे, जोडणीची पोर्ट आहेत, मोठे कपॅसिटरसुद्धा आहेत. पॅनेल नाही. दुरुस्तीची आशा बाकीच्या भागांत, पॅनेलमध्ये नाही, हेच माझ्या टेबलावरचा अनुभव सांगतो.

‘ॲप चालत नाहीत, टीव्ही मंद झालाय’ ही तक्रार हल्ली सगळ्यांत जास्त येते. हे टीव्हीचं म्हातारपण नव्हे. एचडीएमआय पोर्टात ॲप चालवणारी एक छोटी स्टिक लावा, काम झालं. ओएलईडीची गोष्ट मात्र वेगळी. तिथे बॅकलाइट नसतोच, प्रत्येक ठिपका स्वतः उजेड देतो, आणि त्यातला निळा लवकर थकतो. वाहिनीचं बोधचिन्ह कायमचं उमटलं असेल तर ते पॅनेलच झिजलेलं आहे. प्लाझ्मा या जुन्या प्रकारच्या सपाट टीव्हींचं उत्पादन मोठ्या कंपन्यांनी 2014 च्या सुमारास थांबवलं. त्यांचे भाग आता दुसऱ्या बंद पडलेल्या प्लाझ्मातूनच मिळवावे लागतात, त्यामुळे तिथे फार आग्रह धरू नये.

‘दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्याहून जास्त झाला तर नवा घ्या’ असा नियम लोक सांगतात. मला तो अपुरा वाटतो. दुरुस्तीने किती वर्षं हाती लागतील हे त्यात कुठेच येत नाही. नितळ पॅनेलच्या टीव्हीचा पॉवर सप्लाय बदलला तर बरीच वर्षं मिळतात. ज्या पॅनेलवर आधीच डाग आणि रेघा आहेत त्याच्यामागे नव्या पट्ट्या घालणं म्हणजे पैसा वाया, भले खर्च निम्म्याहून कितीही कमी असो. आणि नजर अधू झाली, मोठा पडदा हवा, असं असेल तर खुशाल नवा घ्या. तेवढं कारण पुरेसं आहे. चालता टीव्ही मग दुसऱ्या कुणाच्या घरी लागू दे.

पॅनेल फुटलेला टीव्हीही सरळ भंगारात टाकू नका, दुरुस्ती करणाऱ्याला विचारा. त्याचा मेन बोर्ड, पॉवर सप्लाय चांगले असतात आणि त्याच मॉडेलचा कुणाचा तरी टीव्ही त्यांच्यासाठी अडून बसलेला असतो. एलईडीच्या आधीच्या एलसीडीत बॅकलाइटला बारीक ट्यूबा असत, त्यांत पारा आहे. त्या फोडू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.

आता हा टीव्ही सरळ करून लावतो. आवाज येतोय, पडदा काळा आहे. मुद्दाम असाच आणलाय. सभागृहातले दिवे घालवायला सांगितलं आहे, टॉर्च इथे टेबलावर आहे. एकेक जण पुढे या, तिरका धरा, आणि मला सांगा यात चित्र आहे की नाही.