शाळेची शिस्त कागदावर उतरवताना

श्रोते हो, नमस्कार.

जून उजाडला की शाळाशाळांतून एक कागद बाहेर पडतो. कुठे तो डायरीच्या पहिल्या पानावर पालकांच्या सहीसाठी छापलेला असतो, कुठे मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरच्या काचेच्या फलकात लावलेला असतो. उशिरा येऊ नये, गणवेशाशिवाय येऊ नये, मोबाइल आणू नये, वर्गात बोलू नये. शेवटची ओळ बहुतेक ठिकाणी एकच असते: ‘नियम मोडणाऱ्यावर कडक कारवाई केली जाईल.’ कारवाई कोणती, ती कोण करणार, त्याआधी मुलाचं म्हणणं कोण ऐकणार, याबद्दल त्या कागदावर एक अक्षरही नसतं.

आज मला बोलायचं आहे ते या न लिहिलेल्या भागाबद्दल. तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित शाळेत मी बरीच वर्षं शिकवलं, पुढे मुख्याध्यापिका म्हणून काम केलं. मुलांनी कसं वागावं हे बहुतेक मुलांना ठाऊक असतं. मूल चुकलं की मोठ्यांनी कसं वागायचं, हे मात्र आपण कधी ठरवलेलंच नसतं. शिस्तीचं धोरण लिहायचं ते त्यासाठी, असं माझं ठाम मत आहे.

आधी कायदा पाहू, कारण तिथे घासाघीस चालत नाही. शिक्षणहक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याचं कलम १७ सांगतं की मुलाला शारीरिक शिक्षा करायची नाही आणि त्याचा मानसिक छळही करायचा नाही. जो करेल त्याच्यावर सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई होते. कलम १६ सांगतं की आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. सहावीतल्या मुलाच्या वडिलांना बोलावून ‘उद्या येऊन दाखला घेऊन जा’ असं सांगितलं जातं, त्याला कायद्याचा कसलाही आधार नाही. नववी-दहावी या कलमात येत नाहीत. पण पंधरा वर्षांच्या मुलाला दाखला हातात देऊन आपण त्याला कुठे पाठवतो आहोत, हा प्रश्न तिथेही उरतोच.

छडी बंद केली म्हणजे झालं, असं पुष्कळांना वाटतं. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या मार्गदर्शक सूचना त्यांनी वाचायला हव्यात. बाकावर उभं करणं, गुडघे टेकायला लावणं, डोक्यावर दप्तर देऊन उभं करणं, पायांखालून हात घालून कान धरायला लावणं, खोलीत कोंडणं, हे सगळं त्यात शारीरिक शिक्षा म्हणून नोंदलेलं आहे. मानसिक छळात टोमणे आहेत, नावं ठेवणं आहे, जातीवरून किंवा आईवडिलांच्या कामावरून पाणउतारा करणं आहे. ही यादी वाचताना आपल्यापैकी अनेकांना आपली स्वतःची शाळा आठवेल. धोरणाच्या पहिल्या पानावर ही यादी जशीच्या तशी यावी, आणि तिच्याखाली पहिली सही शिक्षकांची असावी, मुलांची नव्हे.

यावर शिक्षक विचारतात, ‘बाई, मग मुलांना धाक कसा राहायचा?’ हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. एका वर्गात साठ-सत्तर मुलं, पस्तीस मिनिटांची तासिका, त्यात निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहित्या भरणं. मागच्या बाकावर दोघं मारामारी करत असताना शिक्षकाकडे शांतपणे विचार करायला वेळ नसतो. म्हणून तर आधी ठरवून, लिहून ठेवायचं. मी पाहिलं ते असं, की शिक्षा किती कडक आहे याचा मुलांच्या वागण्यावर फारसा परिणाम होत नाही. दखल नक्की घेतली जाणार आहे आणि आजच घेतली जाणार आहे, याचा होतो. सोमवारी गृहपाठ न आणणाऱ्याकडे कुणी पाहिलंही नाही आणि गुरुवारी सरांचं डोकं दुखत असताना त्याच चुकीला वर्गाबाहेर काढलं, तर मूल गृहपाठ करायला शिकत नाही. ते सरांचा चेहरा वाचायला शिकतं. आणि त्यात मुलं फार लवकर तरबेज होतात.

मग हे धोरण लिहायचं कुणी? कायद्याने विनाअनुदानित सोडून इतर शाळांना शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात पाऊणपट सभासद पालक असायला हवेत आणि निम्म्या स्त्रिया. प्रत्यक्षात समितीच्या बैठका पोषण आहाराचा तांदूळ आणि वर्गखोल्यांची दुरुस्ती यातच संपतात. शिस्तीचा विषय एकदा तरी तिच्यापुढे पूर्ण वेळ देऊन ठेवावा. आणि त्याआधी मुलांना विचारावं.

विचारायचं कसं, यावर बरंच अवलंबून आहे. ‘कोणते नियम हवेत?’ असं विचारलं की मुलं मोठ्यांची नक्कल करतात आणि आपल्यापेक्षाही कडक शिक्षा सुचवतात. आम्ही विचारलं, ‘शाळेत तुम्हाला कशाचा त्रास होतो?’ नाव न घालता चिठ्ठ्या लिहायला सांगितल्या. नखं आणि केस यांबद्दल, ज्यांवर परिपाठात आपला एवढा वेळ जातो, जवळजवळ कुणीच लिहिलं नव्हतं. मधल्या सुट्टीत नळावर मोठी मुलं पुढे घुसतात, हे पाचवीच्या मुलांनी लिहिलं. मुलींनी स्वच्छतागृहाच्या तुटलेल्या कडीबद्दल लिहिलं. आडनावावरून चिडवतात, डबा हिसकावतात, एसटीत जागा अडवून ठेवतात. काही चिठ्ठ्यांवर होतं, ‘सर वर्गावर उशिरा येतात.’ त्या चिठ्ठ्या शिक्षकांच्या सभेत वाचल्या तेव्हा काही जण नाराज झाले. पण त्यातूनच तासिकेला वेळेवर जाण्याचा नियम शिक्षकांसाठीही आला, आणि मुलांनी तो कागद आपला मानला. नळावर पाचवी-सहावी आधी, हा नियम पाळला जावा म्हणून तर कुणाला शिक्षा करावीच लागली नाही. दहावीची मुलंच तिथे उभी राहत.

उशिरा येणाऱ्यांबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण ग्रामीण शाळेत सगळ्यात जास्त शिक्षा याच कारणासाठी होतात. फाटक बंद करायचं, मुलं बाहेर उन्हात उभी, राष्ट्रगीत आणि प्रार्थना झाली की आत घ्यायचं आणि मैदानाला फेऱ्या मारायला लावायच्या. या मुलांमध्ये कोण कोण असतं? वाडीवरून एसटीनं येणारा, ज्याची गाडी आगारातूनच उशिरा सुटली. आईबाप पहाटे मजुरीला गेल्यावर धाकट्या भावाला अंगणवाडीत सोडून येणारी मुलगी. आणि चौकात मित्रांबरोबर रेंगाळलेलाही एखादा. तिघांना एकच शिक्षा दिली तर पहिल्या दोघांना कळतं की इथे विचारपूस होत नाही, आणि तिसऱ्याला कळतं की फेऱ्या मारल्या की हिशेब संपला.

धोरणात आम्ही लिहिलं ते असं: फाटकावर वही असेल, वेळ आणि कारण लिहून मूल सरळ वर्गात जाईल, शिकवणं बुडणार नाही. आठवड्यात तिसऱ्यांदा नाव आलं तर वर्गशिक्षक मधल्या सुट्टीत त्याच्याशी बोलतील आणि घरी फोन करतील. कारण एसटीचं असेल तर पत्र आगारप्रमुखांना जाईल, पालकांना नव्हे. पैशाचा दंड कुठल्याही चुकीला नाही. दंड ज्याला परवडतो त्याच्यासाठी तो उशिरा येण्याचा परवाना ठरतो, आणि ज्याला परवडत नाही ते मूल त्या दिवशी शाळेतच येत नाही. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात तर दिवाळीनंतर मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात आणि हंगाम संपला की परततात. त्या गैरहजेरीवर शिस्तीचा इलाज करणं हा शुद्ध अन्याय आहे. तिथे हंगामी वसतिगृह हवं, नाहीतर मूल जिथे गेलं असेल त्या गावच्या शाळेत त्याला बसवण्याची व्यवस्था हवी.

आता लोकमान्य टिळकांची ती गोष्ट. ‘मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही.’ शाळेतल्या भाषण स्पर्धांत ती आपण बाणेदारपणाचा नमुना म्हणून वर्षानुवर्षं ऐकत आलो. मला तीत शाळेसाठी एक नियम दिसतो: सामूहिक शिक्षा द्यायची नाही. ट्यूबलाइट कुणी फोडली ते कळत नाही म्हणून सगळ्या वर्गाचा खेळाचा तास काढून घेतला, की पन्नास निरपराध मुलं एका बाजूला जातात, आणि ती बाजू शिक्षकाची नसते. टिळकांचं कौतुक करायचं आणि आपल्या वर्गात तसं बोलणाऱ्या मुलाला उद्धट म्हणायचं, हे बरोबर नाही.

म्हणून चूक घडलेल्या दिवसाचा क्रम धोरणात स्पष्ट लिहावा. आधी भांडणारे वेगळे करायचे, कुणाला लागलं असेल तर ते पाहायचं. मग प्रत्येकाला एकेकटं बसवून म्हणणं ऐकायचं, दुसऱ्या मुलांसमोर नाही. लहानाचं आपण लिहून घ्यायचं, मोठ्यानं स्वतः लिहायचं. निर्णय ज्याच्या अंगावर प्रसंग आला त्या शिक्षकानं एकट्यानं त्याच क्षणी घ्यायचा नाही. वर्गशिक्षक आणि पर्यवेक्षक यांनी मिळून, शाळा सुटायच्या आत घ्यायचा. मुलाला तो पटला नाही तर मुख्याध्यापकांकडे जायची वाट मोकळी ठेवायची. या सगळ्याला वेळ लागतो, हे खरं आहे. पण ज्याचं ऐकून घेतलं ते मूल बहुतेक वेळा स्वतःहून खरं सांगतं, आणि चौकशीचा पुढचा सगळा वेळ वाचतो.

आणि मग भरपाई. बाक मोडला तर सुतार येईल त्या दिवशी त्याच्या हाताखाली काम करायचं. कुणाची वही फाडली तर ती उतरवून द्यायची. कुणाला चिडवलं असेल तर त्याची माफी मागायची, पण सगळ्या शाळेसमोर नाही. चव्हाट्यावरची माफी मनात राग ठेवून जाते. एक गोष्ट मात्र कधीच करायची नाही: झाडू मारणं, स्वच्छतागृह धुणं हे शिक्षा म्हणून द्यायचं नाही. ज्यांच्या घरातली माणसं ते काम करून पोट भरतात ती मुलं त्याच वर्गात बसलेली असतात, आणि हे काम म्हणजे अपमान, असं आपण सगळ्यांसमोर शिकवत असतो. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलाचं छात्रालय सांभाळत तेव्हा मुलांच्या अस्ताव्यस्त खोल्या स्वतः झाडून, अंथरुणं-कपडे नीट ठेवून जात. मुलांना लाज वाटली आणि ती स्वतः आवरू लागली. गुरुजींची ती माया सगळ्यांना जमणार नाही, पण झाडूला शिक्षा न बनवणं सगळ्यांना जमतं.

मुलींबद्दल वेगळं सांगायला हवं. ‘पालकांना बोलावून घ्या’ ही शिक्षा कागदावर मुलग्यांना आणि मुलींना सारखीच दिसते, प्रत्यक्षात ती सारखी नसते. मुलाच्या वडिलांना बोलावलं तर घरी बोलणी बसतील, फार तर मार. नववीतल्या मुलीच्या दप्तरात चिठ्ठी सापडली म्हणून वडिलांना बोलावलं, की दुसऱ्या दिवसापासून तिची शाळा बंद होऊ शकते आणि अठराच्या आत लग्नही ठरू शकतं. २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा आहे. तरी आपल्याकडे हे घडतं आणि त्याची सुरुवात कधी कधी शाळेच्या एका फोनने होते. अशा प्रसंगी आधी बाईंनी मुलीशी बोलावं, मग आईशी. शाळेतली सखी सावित्री समिती याच कामासाठी आहे. शासनाने ती २०२२ साली आणली. तिची नावं फलकावर असतात, ती मुलींना तोंडपाठ हवीत.

काही गोष्टी मात्र शिस्तीच्या धोरणात येतच नाहीत. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचा संशय आला तर मुख्याध्यापकांच्या खोलीत बसून मिटवण्याचा अधिकार कुणालाही नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. संस्थेचं नाव खराब होईल, ही भीती मी सभांमधून ऐकली आहे. मुलाच्या सुरक्षिततेपुढे संस्थेच्या नावाला काडीची किंमत नाही, हे धोरणात याच शब्दांत लिहावं. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक प्रत्येक मजल्यावर रंगवलेला असावा.

धोरण एकदा लिहिलं की संपलं, असं नाही. प्रत्येक प्रसंगाची नोंद एका वहीत ठेवावी: तारीख, तासिका, काय घडलं, काय केलं. दिवाळीच्या सुट्टीआधी शिक्षकांनी ती एकत्र बसून वाचावी. आमच्या वहीत बऱ्याचशा नोंदी मधल्या सुट्टीनंतरच्या तासिकेतल्या निघाल्या, त्याही पत्र्याच्या खोलीत बसणाऱ्या वर्गाच्या. दुपारी तिथे बसवत नसे. आम्ही त्या वर्गाची खोली बदलली, आणि ज्यांना आम्ही दांडगट समजत होतो त्यांची नावं वहीत यायची कमी झाली. काही नावं तरीही पुन्हा पुन्हा येत राहतात. त्या मुलांच्या घरी वर्गशिक्षकानं जाऊन यावं, तक्रार घेऊन नव्हे, नुसतं भेटायला.

पालकांनो, या महिन्यात तुमच्या शाळेत पालकसभा होईल. तिथे टक्केवारीबद्दल सगळेच विचारतील. तुम्ही उठून एवढं विचारा: माझ्या मुलाच्या हातून काही चुकलं तर त्याचं म्हणणं कोण ऐकेल, आणि ते कुठे लिहिलेलं आहे? कागद असेल तर मागून वाचा. नसेल तर तो लिहायला बसणाऱ्यांमध्ये तुमचं नाव द्या.

नमस्कार.