दार कुठल्या बाजूला?

(घारापुरीहून परतणारी लाँच. समोर गेटवे, मागे लाल घुमट.)

लाँच वळली की आधी गेटवे दिसतो, मग ताज. बांधणीचा क्रम मात्र उलटा. ताजमहाल हॉटेल सुरू झालं १६ डिसेंबर १९०३ रोजी, पाहुणे अवघे १७. गेटवे पुरा व्हायला १९२४ उजाडलं. मधली एकवीस वर्षं अपोलो बंदरावर उतरणाऱ्याच्या नजरेत आधी भरायचा तो हा घुमट.

(हॉटेलची शहराकडची बाजू. पोहण्याचा तलाव.)

आता इमारतीला वळसा घालून या. तलाव आहे तिथे पूर्वी बग्ग्या येत. मूळ दार शहराच्या बाजूला होतं. त्यावरून एक गोष्ट मुंबईत अजूनही रंगवून सांगतात: नकाशा उलटा वाचला गेला, इमारत पाठमोरी उभी राहिली, आणि ते पाहून गोऱ्या आर्किटेक्टनं जीव दिला. ऐकायला झकास, पण खोटी. दार शहराकडे ठेवलं ते ठरवून, आणि आराखडा गोऱ्या माणसाचा नव्हताच. तो रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. दोघेही बोरीबंदर स्टेशन घडवणाऱ्या स्टीव्हन्सच्या हाताखाली तयार झालेले. काम चालू असतानाच वैद्य वारले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी ते पुरं केलं. दंतकथेतसुद्धा वैद्यांच्या वाट्याला काही आलं नाही!

(जिना. कॅमेरा तळातून वर.)

हा जिना जरा सावकाश पाहा. मधोमध खांब नाही, खालून टेकू नाही. पायऱ्यांचं एक टोक भिंतीत रुतलेलं, दुसरं मोकळं. प्रत्येक पायरी भार भिंतीकडे आणि खालच्या पायरीकडे सोपवते. तळाशी उभं राहिलं की घुमटापर्यंत नजर कुठे अडत नाही. ही करामत बांधकामाचं कंत्राट घेतलेल्या खानसाहेब सोराबजी रतनजी यांची.

(रिकामा लांब कॉरिडॉर.)

पहिल्या महायुद्धात इथे ६०० खाटांचं रुग्णालय होतं. युद्ध संपलं, पुन्हा हॉटेल.

(टॉवर. दृश्य छोटं ठेवावं.)

शेजारी ग्रीन्स हॉटेल होतं. ते पाडून १९७३ साली हा टॉवर आला. त्याच्याबद्दल फार बोलायचं नाही. तो फ्रेममध्ये आपणहून येतोच.

(घुमट, रात्री. संगीत नको.)

२६ नोव्हेंबर २००८. हल्ला झाला, आग लागली, माणसं गेली. जुना भाग १५ ऑगस्ट २०१० रोजी पुन्हा उघडला.

(दहा सेकंद फक्त लाटांचा आवाज.)

(संध्याकाळ. शेवटची लाँच धक्क्याला लागते.)

उतरलेली माणसं समुद्राकडे पाठ करून उभी राहतात आणि मोबाईल वर धरतात. ज्या बाजूला मुळात दारच नव्हतं, सगळे फोटो तिचेच.