बैठकीत मिस्टर ब्राउन

नमस्कार श्रोतेहो.

इंदूरच्या रामबागेत, आमच्या घरातल्या बैठकीत, संध्याकाळी साडेसहाला माझा इंग्रजीचा वर्ग भरतो. शाळेतून निवृत्त झाले, पण खडू सुटला नाही. आठवी ते दहावीची दहा-बारा मुलं. काही मराठी घरांतली, बाकीची हिंदी-माळवी बोलणारी. टेन्सचे तक्ते घडाघडा म्हणतील. पण "बोल बघू" म्हटलं की सगळ्यांच्या माना खाली, जणू सतरंजीवर कुणाची सुई हरवली आहे.

म्हणून लॅपटॉप काढला. मुलांनी 'फ्रेंड्स' या अमेरिकन मालिकेचा धोशा लावला होता. त्यातले निम्मे विनोद आमच्या बैठकीत, सासूबाईंच्या तसबिरीखाली, चालण्यासारखे नाहीत. मी 'माइंड युवर लँग्वेज' निवडली. ही 1977 साली सुरू झालेली ब्रिटिश मालिका. लंडनमधला संध्याकाळचा वर्ग, ब्राउन नावाचे मास्तर आणि समोर इंग्रजीची मोडतोड करणारी देशोदेशींची मोठी माणसं. आमच्यासारखाच वर्ग.

पण ती लगेच लावली नाही. आधी लावली 1993 ची 'जबान संभालके', तिचंच हिंदी रूप. यात पंकज कपूर हिंदी शिकवतात आणि टॉम ऑल्टर इंग्रज साहेब होऊन हिंदीचे हाल करतात. साहेबाचं 'का' आणि 'की' चुकलं की मुलं लोळायची. मग विचारलं, "हसलात, पण तो काय म्हणतोय ते कळलं ना?" कळलं होतं. "मग तुमचं इंग्रजी चुकलं तर समोरच्याला कळणार नाही का?" यावर कुणी काही बोललं नाही. टॉम ऑल्टर मसुरीत जन्मलेले आणि त्यांचं उर्दू ऐकत राहावं असं, हे सांगितल्यावर तर मुलं चाटच पडली. म्हणजे चुकासुद्धा पाठ करून करायच्या होत्या!

क्रम असा लावला, तो कामाला आला. भीती आधी आपल्या भाषेत मोडली, मग ब्राउनसाहेब आले.

अख्खा भाग मी कधीच दाखवत नाही. सहा-सात मिनिटं पुरतात. आधी आवाज बंद. कोण कुणावर चिडलंय ते मुलांनी इंग्रजीत सांगायचं. मग आवाजासकट. खाली अक्षरं हवीत तर इंग्रजीच. हिंदी आली की डोळे वाचतात आणि कान झोपतात. आणि एक गंमत सांगते. मालिकेतला हशा ही माझी परीक्षा. त्या हशाच्या आधी जो हसला, त्याला वाक्य कळलं. जो नंतर हसला, तो शेजाऱ्याकडे बघून हसला. वेगळा पेपर काढावा लागत नाही.

व्याकरण मध्येच सापडतं. आपण इंदूरकर "पाऊस पडून राहिला आहे" म्हणतो. माझ्या पुण्याच्या वन्सं यावर अजून हसतात. पण 'इट इज रेनिंग' शिकवताना हेच 'राहिला' कामी आलं. 'इज' आणि 'आयएनजी' दोन्ही कशाला, हा प्रश्नच मिटला.

'माइंड युवर लँग्वेज'मधला रणजीत सिंग उठसूट "थाउजंड अपॉलॉजीज" म्हणतो. आठवडाभर वर्गात तेच चाललं होतं. उशीर झाला, थाउजंड अपॉलॉजीज, वही विसरली, थाउजंड अपॉलॉजीज. मग एक दिवस नववीतली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, यात प्रत्येक देशाचा माणूस एकाच साच्यातला का?" बरोबरच होतं तिचं. ही थट्टा वंशभेदी आहे अशी टीका तेव्हाही झाली होती आणि 1979 मध्ये मालिका वाहिनीने बंद केली, हे मी मुलांना सांगितलं. म्हटलं, आता यावर इंग्रजीतच बोला.

बराच वेळ चुळबुळ. मग कोपऱ्यातला, वर्षभरात तोंड न उघडलेला मुलगा उठला. "दे आर लाफिंग ऑन अस."

"ऑन नाही, ॲट," मागून कुणीतरी म्हणालं.

"ॲट अस," तो म्हणाला, आणि खाली न बसता पुढे बोलत राहिला. त्या दिवशी लॅपटॉप उघडलाच नाही.