मानवी इतिहासातील सर्वांत प्रभावशाली व्यक्ती: एडवर्ड जेन्नर यांची बाजू

मानवी इतिहासावर सर्वांत जास्त प्रभाव कोणाचा, असा प्रश्न विचारला की काही नावे लगेच पुढे येतात. कोणी गौतम बुद्ध, येशू ख्रिस्त आणि महंमद पैगंबर यांच्याकडे बोट दाखवतो, कोणी सिकंदर आणि चंगेझ खान यांच्याकडे, तर कोणी न्यूटन किंवा गुटेनबर्ग यांच्याकडे. धर्मसंस्थापकांचा प्रभाव श्रद्धेच्या वाटेने कोट्यवधी मनांत उतरलेला असतो आणि त्याची एकमेकांशी तुलना करणे आम्हाला उचित वाटत नाही. विजेत्यांची साम्राज्ये बहुधा काही पिढ्यांतच विरली. राहिले शोध लावणारे. त्यांच्याबाबत एक कठोर प्रश्न विचारता येतो: ही व्यक्ती जन्माला आलीच नसती, तर तेच काम दुसऱ्या कोणी थोड्याच काळात केले असते का? कलनशास्त्र न्यूटन आणि लायब्निझ या दोघांनी स्वतंत्रपणे उभे केले, आणि त्यातील अनंत श्रेढींचे मोलाचे काम केरळमध्ये माधव यांच्या परंपरेने त्यापूर्वीच करून ठेवले होते. नैसर्गिक निवडीचा विचार 1858 साली लंडनमध्ये डार्विन आणि वॉलेस या दोघांच्या नावाने एकाच बैठकीत मांडला गेला.

या कसोटीवर आम्ही इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यातील बर्कली या लहानशा गावातील, देवी या रोगावरील लस जगापुढे ठेवणाऱ्या एका डॉक्टरचे नाव पुढे ठेवत आहोत. एडवर्ड जेन्नर यांचा जन्म 1749 साली याच गावात झाला आणि 1823 साली मृत्यूही इथेच झाला. त्यांच्या बाजूने आणि त्यांच्या विरुद्ध जे बोलता येते, ते दोन्ही आम्ही मांडणार आहोत, कारण विरुद्ध बाजू ऐकल्याशिवाय त्यांचे खरे मोठेपण कळत नाही.

आधी त्या रोगाची ओळख करून घ्यायला हवी, कारण आजच्या बहुसंख्य लोकांनी तो पाहिलेला नाही. देवीचा रोग विषाणूमुळे होत असे आणि माणसाकडून माणसाकडे, मुख्यतः श्वासावाटे, पसरत असे. तीव्र ताप, अंगदुखी, आणि मग चेहऱ्यापासून तळव्यांपर्यंत पू भरलेले टणक फोड. त्याच्या घातक प्रकारात दर दहा रुग्णांपैकी सुमारे तीन दगावत. जे वाचत त्यांच्या चेहऱ्यावर आयुष्यभर व्रण राहत आणि अनेकांची दृष्टी जात असे. इजिप्तचा राजा पाचवा रामसेस याच्या तीन हजारांहून अधिक वर्षे जुन्या ममीच्या त्वचेवर देवीसारखे व्रण आढळले आहेत. 1520 साली स्पॅनिश आक्रमकांबरोबर हा रोग मेक्सिकोत पोहोचला, त्याने ॲझ्टेक सम्राट क्वितलावाक याचा बळी घेतला आणि पुढच्याच वर्षी त्याची राजधानी पडली. 1774 साली फ्रान्सचा राजा पंधरावा लुई देवीनेच मरण पावला. एकट्या विसाव्या शतकात, म्हणजे लस उपलब्ध असतानाही, या रोगाने जगभरात सुमारे 30 कोटी माणसे मारली असा अंदाज आहे. त्या शतकातील सर्व युद्धांतील मृत्यू एकत्र केले तरी ते याहून कमीच भरतात.

महाराष्ट्रात घरात कोणाला देवी आल्या की दारावर कडुलिंबाचा पाला लागे, स्वयंपाकात फोडणी बंद होई, आणि आई लेकराच्या उशाशी बसून देवीची करुणा भाकत राही. तिच्या हाती दुसरा कोणताही उपाय नव्हता, आणि म्हणून त्या विनवणीकडे आज वरून पाहण्याचा अधिकार कोणालाही नाही.

अर्थात मनुष्यजात अगदीच हातावर हात ठेवून बसली होती असे नाही. एकदा देवी येऊन गेलेल्या माणसाला पुन्हा येत नाहीत, हे निरीक्षण फार जुने आहे. त्याच्या आधारे चीनमध्ये खपल्यांची पूड नाकात फुंकत, तर बंगालमध्ये टीकादार गावोगाव फिरून रुग्णाच्या फोडातील द्रव निरोगी माणसाच्या त्वचेत टोचत. तुर्कस्तानात हीच पद्धत पाहून लेडी मेरी वर्टली माँटेग्यू यांनी ती 1721 साली इंग्लंडमध्ये रुजवली. त्याच वर्षी अमेरिकेत बॉस्टन शहरात ती पोहोचली ती ओनेसिमस नावाच्या आफ्रिकेतून आणलेल्या गुलामाने सांगितलेल्या माहितीमुळे. मात्र या पद्धतीत टोचली जात होती ती खरी देवीच. टोचून घेणाऱ्या शंभरांपैकी एक-दोघे मरत आणि बाकीचे बरे होईपर्यंत इतरांना रोग देऊ शकत. स्वतः जेन्नर यांना लहानपणी अशीच देवी टोचण्यात आली होती, आणि त्यापूर्वी त्यांना उपाशी ठेवून त्यांचे रक्त काढण्यात आले होते.

ग्लॉस्टरशायरमधील गवळणींना आणखी एक गोष्ट ठाऊक होती. गाईंच्या आचळांवर फोड आणणारा एक सौम्य रोग दूध काढणाऱ्यांच्या हाताला लागे, काही दिवसांत बरा होई, आणि त्यानंतर त्या माणसाला देवी येत नसत. 14 मे 1796 रोजी जेन्नर यांनी सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरील फोडातील द्रव घेऊन तो आपल्या माळ्याच्या आठ वर्षांच्या मुलाच्या, जेम्स फिप्सच्या, दंडावर टोचला. सहा-सात आठवड्यांनी, 1 जुलै रोजी, त्यांनी त्याच मुलाला खऱ्या देवीचा द्रव टोचला. मुलाला काहीही झाले नाही.

या प्रयोगाबद्दल स्पष्ट बोलायला हवे. एका गरीब घरातील मुलावर असा प्रयोग आज कोणतीही नैतिक समिती मान्य करणार नाही, आणि करूही नये. त्या काळात खरी देवी टोचणे हा रूढ उपचारच होता, म्हणून जेन्नर यांच्या समकालीनांना तो गुन्हा वाटला नाही, एवढेच त्यांच्या बाजूने म्हणता येईल. जेन्नर यांनी पुढे फिप्सला राहायला घर दिले. पण ती त्या मुलाची संमती ठरत नाही.

आता मुख्य आक्षेप. जेन्नर हे पहिले नव्हते. त्यांच्या प्रयोगाच्या 22 वर्षे आधी, 1774 साली, डॉर्सेटमधील बेंजामिन जेस्टी या शेतकऱ्याने देवीची साथ जवळ आलेली पाहून आपल्या बायकोला आणि दोन मुलांना गाईच्या फोडातील द्रव टोचला होता. 1791 साली होल्स्टाइनमधील पीटर प्लेट या शिक्षकानेही हेच केले होते. मग आमची कसोटी जेन्नर यांच्याच विरुद्ध जात नाही का? ज्ञान तर इतरांकडेही होते.

ज्ञान होते, पण ते घराच्या उंबरठ्याबाहेर पडले नाही. जेस्टीने आपले कुटुंब वाचवले आणि शेजाऱ्यांचा रोष ओढवून घेतला. प्लेटच्या कामाची दखल घेतली गेली नाही. जेन्नर यांनाही रॉयल सोसायटीकडून प्रोत्साहन मिळाले नाही. तेव्हा त्यांनी आणखी रुग्ण तपासले, 23 उदाहरणांची नोंद असलेली पुस्तिका 1798 साली स्वखर्चाने छापली, आणि मग उरलेले आयुष्य पत्रे लिहिण्यात, वाळवलेला लसद्रव धाग्यांवर घेऊन देशोदेशी पाठवण्यात आणि टीकाकारांना उत्तरे देण्यात घालवले. आपल्या बागेतील एका लहान झोपडीत ते गोरगरिबांना विनामूल्य लस टोचत. ही युक्ती गुप्त ठेवून त्यांना मोठी संपत्ती मिळवता आली असती. ब्रिटिश संसदेने त्यांना 1802 साली 10,000 पौंड आणि 1807 साली आणखी 20,000 पौंड दिले, तेव्हा त्यांनी सोडून दिलेल्या कमाईचाही विचार झाला होता. एखाद्या कुटुंबापुरता असलेला उपाय कोणालाही तपासता येईल, शिकता येईल आणि पुढे देता येईल अशा स्वरूपात जगापुढे ठेवणे, हे काम जेन्नर यांनी केले, आणि प्रभाव म्हणतात तो यालाच.

हे काम आज ना उद्या दुसऱ्या कोणी केले असते, हे मान्य करू. पण त्या "आज ना उद्या"ची किंमत मोजता येते. अठराव्या शतकाच्या अखेरीस एकट्या युरोपात दर वर्षी सुमारे चार लाख माणसे देवीने मरत, असा अंदाज आहे. लस केवळ दहा वर्षे उशिरा आली असती, तरी तो आकडा चाळीस लाखांच्या घरात जातो, आणि त्यात आशिया, आफ्रिका आणि अमेरिका धरलेल्या नाहीत.

लस किती वेगाने पसरली, ते पाहिले की थक्क व्हायला होते. शीतपेटी नव्हती, बर्फ नव्हता, आणि उष्णतेत लसद्रव काही दिवसांत निकामी होई. उपाय एकच होता: एका माणसाच्या दंडावर उठलेल्या फोडातून दुसऱ्याच्या दंडावर. स्पेनच्या राजाने 1803 साली डॉक्टर फ्रान्सिस्को बाल्मिस यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेकडे जहाज पाठवले, त्यात 22 अनाथ मुले होती, आणि समुद्रावर ठरावीक दिवसांनी त्यांतील दोघादोघांना टोचत लस जिवंत ठेवली गेली. त्या मुलांची काळजी घेणाऱ्या इसाबेल सेंदाल यांचे नाव या मोहिमेच्या इतिहासात आदराने घ्यावे असेच आहे.

भारतात ही लस व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, बगदाद आणि बसरा या मार्गाने आली. 14 जून 1802 रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचण्यात आली. भारतातील ही पहिली यशस्वी लस. पुढच्या आठवड्यात तिच्या दंडावरील द्रवातून मुंबईतील आणखी पाच मुलांना लस मिळाली, आणि तिथून हाताहाताने ती पुणे, सुरत, हैदराबाद आणि मद्रासपर्यंत पोहोचली. बर्कलीतील प्रयोगानंतर अवघ्या सहा वर्षांत हे घडले होते.

मात्र इथून पुढचा इतिहास सरळ नाही. लसीचे संरक्षण आयुष्यभर टिकते, ही जेन्नर यांची समजूत चुकीची ठरली आणि काही वर्षांनी पुन्हा टोचावे लागते हे लक्षात आले. हाताहाताने लस देताना कधी उपदंशासारखे रोगही पसरले. म्हणून पुढे वासरांच्या कातडीवर लस वाढवण्याची पद्धत आली, आणि मुंबई इलाख्यासाठी अशी लस बेळगावच्या संस्थेत तयार होत असे. लोकांचा विरोधही होता. ज्या सरकारवर विश्वास नाही, त्याने पाठवलेल्या माणसापुढे आपल्या लेकराचा दंड उघडा करायला आईबाप तयार नसत, आणि केवळ अडाणीपणाच्या नावावर हा विरोध खपवणे अन्यायाचे होईल. परिणाम असा, की लस येऊन दीडशे वर्षे झाली तरी भारतात, आफ्रिकेत आणि ब्राझीलमध्ये देवीच्या साथी सुरूच होत्या.

इथे आणखी एक नाव यायला हवे, आणि ते फार थोड्यांना ठाऊक आहे: व्हिक्टर झ्दानोव. सोव्हिएत संघाचे उपआरोग्यमंत्री असलेल्या या विषाणुशास्त्रज्ञाने 1958 साली अमेरिकेतील मिनियापोलिस इथे भरलेल्या जागतिक आरोग्य सभेत, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांच्या बैठकीत, देवीचे संपूर्ण पृथ्वीवरून उच्चाटन करण्याचा प्रस्ताव मांडला. शीतयुद्ध ऐन भरात असताना, अमेरिकेच्या भूमीवर, त्यांनी टॉमस जेफरसन यांनी 1806 साली जेन्नर यांना लिहिलेल्या पत्राचा दाखला दिला. पुढील राष्ट्रांना देवी नावाचा रोग होता हे केवळ इतिहासातूनच कळेल, असे जेफरसन यांनी त्यात लिहिले होते. पुढच्या वर्षी ठराव मंजूर झाला, आणि सोव्हिएत संघाने लसीच्या कोट्यवधी मात्रा विनामूल्य दिल्या.

1967 साली मोहीम तीव्र करण्यात आली, तेव्हा जगात दर वर्षी एक ते दीड कोटी लोकांना देवी येत होत्या. उष्णतेत टिकणारी कोरडी लस आणि दोन टोकांची सुई, ज्या सुईमुळे तेवढ्याच लसीत चौपट माणसांना टोचता येई, ही साधने आता हाताशी होती. अमेरिकी डॉक्टर विल्यम फेगी यांनी नायजेरियात लस अपुरी पडल्यावर सर्वांना टोचण्याऐवजी रुग्ण शोधून त्याच्याभोवतीच्या माणसांना टोचायला सुरुवात केली, आणि हीच पद्धत भारतात निर्णायक ठरली. 1974 साली बिहारमध्ये भयंकर साथ होती. लाखाहून अधिक आरोग्य कर्मचारी, देवी आलेल्या मुलाचे चित्र असलेले कार्ड हातात घेऊन, घरोघरी, शाळांत आणि बाजारांत रुग्ण शोधत फिरले. खबर देणाऱ्याला बक्षीस होते आणि अखेरीस ते हजार रुपयांवर गेले. मे 1975 नंतर भारतात देवीचा एकही रुग्ण सापडला नाही. ऑक्टोबर 1977 मध्ये सोमालियातील अली माओ मालिन या रुग्णालयातील स्वयंपाक्याला झालेला संसर्ग हा जगातील शेवटचा नैसर्गिक संसर्ग ठरला. तो बरा झाला. 8 मे 1980 रोजी जागतिक आरोग्य सभेने हा रोग नाहीसा झाल्याचे जाहीर केले.

मग श्रेय जेन्नर यांचे की झ्दानोव यांचे? झ्दानोव यांच्याशिवाय ही मोहीम कदाचित कित्येक वर्षे रेंगाळली असती, आणि तेवढ्या काळात लाखो माणसे गेली असती. तरीही आमचे मत जेन्नर यांच्याकडे झुकते, कारण त्यांचा वारसा एका रोगापुरता राहिला नाही. 1881 साली लुई पाश्चर यांनी जेन्नर यांच्या सन्मानार्थ त्यांच्या लसीचे 'व्हॅक्सिन' हे नाव सर्वच रोगांच्या लसींना द्यावे असे सुचवले. जानेवारी 1897 मध्ये मुंबईत प्लेगची साथ भडकलेली असताना वाल्देमार हाफकिन यांनी नवी लस आधी स्वतःला टोचून घेतली, आणि परळची हाफकिन संस्था त्यांच्याच कामातून उभी राहिली. पोलिओ, गोवर, घटसर्प, धनुर्वात यांच्या लसींपैकी एकही जेन्नर यांनी बनवली नाही, पण आजाराच्या आधी माणसाला तयार करता येते आणि हे सर्वांसाठी करायचे असते, हा विचार जगभर पोहोचला तो त्यांच्यामुळे.

देवीचा विषाणू आज अधिकृतपणे दोनच ठिकाणी साठवलेला आहे, अमेरिकेत अटलांटा इथे आणि रशियात कोल्त्सोवो इथे. हे साठे नष्ट करावेत की संशोधनासाठी ठेवावेत, यावर जागतिक आरोग्य सभेत अनेकदा चर्चा झाली आहे आणि निर्णय पुढे ढकलला गेला आहे.