निशिगंधातला गंधपुरा

तुमच्या हातातल्या कागदी पट्टीवर निशिगंधाच्या अ‍ॅब्सोल्यूटचं, म्हणजे फुलातून काढलेल्या शुद्ध अर्काचं, दहा टक्के द्रावण आहे. लगेच नाकाला लावू नका, अर्धा मिनिट अल्कोहोल उडू द्या. आता हुंगा. काहींच्या कपाळावर आठी दिसतेय: हा तर दुखण्यावरच्या मलमाचा वास! बरोबर ओळखलंत. गंधपुऱ्याचं तेल म्हणजे जवळजवळ निव्वळ मिथाइल सॅलिसिलेट, आणि तेच या फुलातही असतं. त्याच्यामागून डांबरगोळीसारखा येतो तो इंडोल. लोणी आणि ओल्या खोबऱ्याचा भास होतो तो लॅक्टोन नावाच्या संयुगांचा. बंद खोलीत दोन-चार दांड्या ठेवल्या तर डोकं धरतं ते या सगळ्या मिश्रणामुळे. यात गुंगीचं औषध वगैरे काही नाही. निशिगंधाला ‘मादक’ म्हणतात, पण तो शब्द अत्तरवाल्यांनी वासापुरता वापरलेला आहे.

फूल मूळचं मेक्सिकोचं. अ‍ॅझ्टेक लोक त्याला ‘ओमिशोचित्ल’, म्हणजे हाडाचं फूल, म्हणत. पांढरी लांब नळी आणि अंधारात वाढणारा वास ही पतंगांसाठी केलेली सोय. आपल्याकडे पुणे-नगरकडची गुलछडी बहुतेक हारांत आणि मांडवात जाते. अर्क काढण्याचं काम तमिळनाडू-कर्नाटकात चालतं, आणि त्यासाठी एकेरी जातच लागते. डबल फूल फुलदाणीत शोभतं, वासाला मात्र कमी.

निशिगंध तोडल्यावरही वास तयार करत राहतो, हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. हेक्झेनमध्ये, म्हणजे वास ओढून घेणाऱ्या द्रावकात, टाकलं की फूल तिथेच मरतं, पुढचा वास बुडाला. म्हणून फ्रान्समधल्या ग्रास या अत्तरांच्या गावी चरबीत वास मुरवण्याची रीत होती. लाकडी चौकटीतल्या काचेवर शुद्ध केलेल्या चरबीचा थर द्यायचा (डुकराची दोन भाग, गुराची एक भाग) आणि त्यावर फुलं पसरायची. मोगऱ्याच्या जातीची फुलं चोवीस तासांत काढून नवी पसरत, निशिगंध दोन-तीन दिवस राहू देत. दव पडलेली फुलं ठेवली की चरबी खवट होते, आणि तो खवटपणा पुढे कशानेही जात नाही. मजुरी परवडेना म्हणून ही रीत मागे पडली. आज हेक्झेनने टनभर फुलांतून साधारण किलोभर मेणचट कंक्रीट निघतं. ते अल्कोहोलात विरघळवून, थंड करून, मेण गाळलं की अ‍ॅब्सोल्यूट उरतं, पाव किलोच्या मागेपुढे.

आता हे बाटलीत कसं भरायचं? अत्तरकार जर्मेन सेलिए यांनी 1948 मध्ये फॅशनकार रोबेर पिगे यांच्यासाठी ‘फ्राका’ हे अत्तर केलं, तेव्हा लोण्याची बाजू फुगवली. 1999 च्या ‘त्युबेरूज क्रिमिनेल’मध्ये क्रिस्तोफर शेल्ड्रेक यांनी तो मलमाचा वासच पुढे आणला. पहिली काही मिनिटं रबर आणि कापूर, मग फूल उमलतं. दोमिनिक रोपियाँ यांचं 2005 चं ‘कार्नल फ्लॉवर’ हिरवट, देठासकट. मला विचाराल तर मधलं सर्वांत प्रामाणिक.

सरावासाठी दहा ग्रॅमचं मिश्रण: बेन्झिल सॅलिसिलेट आणि हेडिओन (जाईसारख्या वासाचं कृत्रिम द्रव्य) प्रत्येकी 3, बेन्झिल बेन्झोएट 2, इलांग फुलाचं तेल 0.6, निशिगंधाचं अ‍ॅब्सोल्यूट 0.3, मिथाइल अँथ्रॅनिलेट 0.3, इंडोलचं दहा टक्के द्रावण 0.3, गॅमा नोनालॅक्टोन 0.2, गॅमा डेकालॅक्टोन, मिथाइल बेन्झोएट आणि मिथाइल सॅलिसिलेट प्रत्येकी 0.1. हे शेवटचं थेंबांनी मोजू नका, 0.01 ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. ते 0.3 झालं की झंडू बामच. आणि घाबरून पूर्ण गाळलं, तर टाल्कम पावडर होते. नवशिके बहुधा दुसरी चूक करतात. आठवडाभर झाकून ठेवा, मगच मत बनवा. इंडोल आणि अँथ्रॅनिलेटमुळे रंग पिवळा, पुढे तांबूस होत जातो. माल बिघडलेला नसतो, पण पांढऱ्या झब्ब्यावर मारू नका.

ती पट्टी टाकू नका. घरी नेऊन उद्या सकाळी हुंगा. मलम उडून गेलेलं असेल, लोणी तेवढं उरलेलं असेल.